थाळीवर उभी काडी

मी मेलोय ही बातमी मला ठाण्यात कळली, आणि तीसुद्धा हातात गरम तेलाचं भांडं असताना.

हसू नका. पंचकर्माच्या दवाखान्यात कामाला होतो मी. साल दोन हजार तीन-चारचं असेल. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. लोक यायचे, लाकडी टेबलावर उताणे पडायचे आणि त्यांच्या कपाळावर तासभर तेलाची धार सोडायची. बस, एवढंच. आमच्याकडे डोक्याला तेल लावायचं म्हणजे आय मानगूट धरते, दोन रट्टे घालते आणि तेल लावते. इथं त्याच तेलाचा केवढा थाट! तेल गरम करणं, भांडी घासणं, फरशी पुसणं हे माझं काम. धार सोडणारा माणूस वेगळा होता, पण तो दांडी मारायचा, मग मॅडम मलाच उभं करायच्या.

आणि तिथं गाणं लावायचे. गाणं कसलं, नुसता आवाज. ना ढोलकी, ना शब्द. ऊंऽऽ करून काहीतरी चाललेलं, मध्येच पाणी, मध्येच पाखरू. काउंटरवर प्रतिक्षा बसायची, कळव्याची पोरगी, तोंडानं फटकळ पण मनानं साफ. तिला मी म्हणायचो, "अगं, पंख्याचं बेअरिंग गेल्यासारखं वाटतं. बंद कर की."

"माघ्या दादा, याला अ‍ॅम्बियंट म्हणतात. हे ऐकायचं नसतं, नुसतं मागं चालू ठेवायचं असतं."

जे ऐकायचंच नाही ते वाजवायचं कशाला, हे मला आजपर्यंत कोणी समजावून सांगितलेलं नाही.

तर त्या दुपारी नवीन सीडी लागली. कुणा पेशंटनं मॅडमना भेट दिलेली. टेबलावर एक वकीलबाई पडलेल्या, डोळ्यांवर कापूस, आणि भांडं माझ्या हातात. धार अगदी सुतासारखी पडत होती. आवाज सुरू झाला आणि माझ्या अंगावर काटा आला.

थाळी होती ती.

थाळी म्हणजे जेवायचीच थाळी, काशाची. तिच्या मधोमध मेणाचा गोळा लावायचा, त्यात सर गवताची बारीक काडी उभी करायची, बोटांना राख लावायची आणि काडीवरून बोटं वरून खाली सोडायची, गाय पिळताना सोडतात तशी. थाळी घुमायला लागते. बसलेल्याच्या छातीत घुमते. आणि आमच्याकडे ही थाळी लग्नाला नाही, सणाला नाही. माणूस मेलं, त्याचे दिवस घालायचे, तेव्हाच तिच्यावर काडी उभी राहते. थाळी लावणारा मेलेल्याचं नाव घेऊन गातो. आधी बोलावणं: ये रे बाबा, उंबऱ्यावर बस, पाणी पी, भात खा. मग पोचवणं: झालं तुझं, आता वाट धर, मागं बघू नको, परत येऊ नको. एकदा पोचवलं की संपलं. पोचवलेला पुन्हा दारात दिसला तरी त्याला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. दिला तर तो हलत नाही, असं म्हातारी माणसं सांगतात.

हे सगळं मला पाठ, कारण माझा बा, पुंजा, हेच करायचा. जव्हारकडच्या जामसरपासून पार मोखाड्यापर्यंत कुणाच्या घरी माणूस गेलं की आमच्या दारात माणूस धावत यायचा. बा थाळी फडक्यात बांधून निघायचा. आमच्या घरात पीठ नसायचं, पण बाला मान होता.

म्हटलं, असेल कुठलीतरी थाळी. जगात काय एकच थाळी आहे? पण मग त्या घुमण्याच्या आतून माणसाचा आवाज यायला लागला. असा ताणलेला, गुळाचा पाक ताणावा तसा, की एक अक्षर सुरू झालं ते संपेचना. "माऽऽऽ". मी धार धरून उभा. "माऽऽऽ". खाली कुठंतरी जातं फिरतंय, आणि प्रत्येक फेऱ्याला खुट्ट. आमच्या घरच्या जात्याचा खुंटा ढिला होता. तो असाच खुट्ट करायचा. आय वर्षानुवर्षं त्याला शिव्या द्यायची. आणि मग, कितीतरी वेळानं, ते अक्षर कुशीवर वळलं आणि "घ्याऽऽऽ" झालं.

माघ्या. पुंजाच्या माघ्या, ये.

माझ्या बाचा आवाज. माझं नाव. थाळीवर.

धार वकीलबाईंच्या डोळ्यांत, नाकात, कानात. त्या उठून बसल्या आणि अशा किंचाळल्या की शेजारच्या खोलीतला पेशंट टॉवेल गुंडाळून जिन्यात गेला. मॅडम धावत आल्या. "माघ्या! झोपलास की काय?"

मी म्हटलं, "मॅडम, मी मेलोय."

आणि तिथंच फरशीवर, त्या तेलात, फतकल मारून बसलो. खरंच सांगतो, मी माझ्या हाताला चिमटा काढून बघितला. दुखलं. पण मनात आलं, मेलेल्याला दुखत नाही हे तरी कुणी येऊन सांगितलंय?

मॅडमनी चहा पाजला. त्यांना वाटलं उष्णतेनं चक्कर आली. मी सांगितलं तर म्हणाल्या, "अरे, जव्हारकडचे आवाज आहेत असं कव्हरवर लिहिलंय खरं. पण यात शब्द नाहीत रे. नुसते सूर आहेत. तुला गावाची आठवण आली असेल." शिकलेली माणसं समजूत मोठी छान काढतात.

संध्याकाळी दवाखाना रिकामा झाल्यावर प्रतिक्षाला म्हटलं, परत लाव. तिनं लावली. मी त्या आवाजाच्या बरोबर, त्याच्याच गतीनं, शब्द बोलत गेलो. ये. उंबऱ्यावर बस. पाणी पी. तिसऱ्या ओळीला प्रतिक्षाचा हात तोंडावर गेला. "अय्या दादा! आहे रे! ऐकू येतंय!" मग तिनंच समजावलं की हा कोण तो सीडीवाला, तो वाद्याचा एक तुकडा घेतो, खेचून लांबवतो, त्याच्यावर त्याचाच दुसरा थर चढवतो, खाली रानातले, घरातले खरे आवाज सोडतो. म्हणून जातं, म्हणून पाणी, म्हणून तो खुट्ट.

"पण तुझं नाव कशाला घेतलंय?" ती म्हणाली.

कशाला घेतलंय! मी फडकं उचललं आणि पुसलेली फरशी पुन्हा पुसायला लागलो. कारण मला माहीत होतं कशाला घेतलंय.

घर सोडलं त्या दिवशी बाशी माझं कडाक्याचं वाजलं होतं. बाला वाटायचं मी त्याच्या मागं बसावं, थाळी शिकावी. मी आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेलो, मला पँट घालून शहरात जायचं होतं. मी म्हटलं, "लोकांच्या मढ्यांवर नाही जगायचं मला." बा उठला, हातात येईल ते फेकलं. म्हणाला, "तोंड दाखवू नको पुन्हा!" मी अंगणातून ओरडलो, "नाही दाखवत! मेलो समजा!"

आता रागात माणूस काय काय बोलतो. आमच्या गावात रोज कोणी ना कोणी कुणाला तरी मेलास म्हणतं आणि संध्याकाळी एकत्र जेवतं. पण मी निघालोच. आधी वसईच्या खाडीत रेतीवर, मग भिवंडीला गोदामात, मग ठाण्यात. दर दिवाळीला एसटी स्टँडवर जायचो. जव्हारची गाडी लागलेली बघायचो. पिशवी घेऊन उभा राहायचो आणि गाडी सुटली की खोलीवर परत. म्हातारा बोलवत नाही तोवर जायचं नाही, असं डोक्यात बसलं होतं. बापावरच गेलोय, काय करणार.

आणि आता हे! म्हटलं, वा रे म्हाताऱ्या! मी म्हटलं मेलो समजा, आणि तू समजूनच टाकलंस? जिवंतपणी दिवस घातलेस माझे? तेही गावजेवण घालून कमी पडलं म्हणून सीडीवर?

मॅडमना ती सीडी भलतीच आवडली. रोज लावायला लागल्या. संपली की परत पहिल्यापासून, मशीनच तसं लावून ठेवलेलं. पेशंट म्हणायचे, काय शांत वाटतं हो. वाटणारच. बोलावणं त्यांना कुठं होतं? मी मात्र पुसताना, घासताना, तेल तापवताना कान तिकडेच. कशासाठी? पोचवण्यासाठी. बोलावणं झालं की पोचवणं येणार, ते ऐकलं की माझा निकाल लागला. पण ते येतच नव्हतं. पाणी पी, भात खा, इथवर यायचं, आणि मग सगळं हळूहळू विरून जायचं. आणि पुन्हा, माऽऽऽ. मला वाटलं, त्या सीडीवाल्यानं पुढचं कापलं असणार. घरी तर पूर्णच केलं असणार. बा अर्धं काम ठेवणारा माणूस नव्हता.

मला रागापेक्षा भीती वाटायची, हे सांगून टाकतो. भीती एकच. मी दारात उभा राहीन आणि आय मला पाणी देणार नाही. बाकी काही नाही. जमीन नको, घर नको. पण आयच्या हातचं पाणी बंद झालं तर माझं या जगात नाव घेणारं कोण उरलं? रात्रंदिवस हाच किडा डोक्यात. दिवाळी जाऊन थंडी पडली. शेवटी प्रतिक्षाच म्हणाली, "दादा, जा एकदाचा. मेलायस का जिवंत आहेस, एक काय ते ठरव. तुझ्यामुळे इथं दोन भांडी फुटली."

निघालो. ठाण्याहून एसटी, भिवंडी, वाडा, विक्रमगड, आणि घाट चढून जव्हार. स्टँडवर उतरलो तर शिरपामाळ बघायला आलेली कॉलेजची पोरं वडापाव खात होती. सगळं जागच्या जागी होतं. जामसरकडे जाणाऱ्या जीपमध्ये मागं बसलो. समोर लहान्या. आमच्याच पाड्यावरचा, माझ्याबरोबर आश्रमशाळेत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि हातातली बिडी तशीच राहिली.

"माघ्या?"

"मग कोण, माझं भूत?" मी हसून म्हटलं.

तो हसला नाही. त्यानं बिडी जीपबाहेर फेकली. मग खाली बघत म्हणाला, "तुझ्या बानं तुझी थाळी लावली."

मी म्हटलं, "माहीताय."

"माझी आय गेली, तिची नाही लावली. पाय धरले मी त्याचे. नाहीच म्हणाला. तुझ्यापायी." आणि तोंड फिरवून बसला.

मला काही उमगेना. माझी लावली, याच्या आयची लावली नाही, त्यात माझा काय संबंध? पण एक गोष्ट पक्की झाली. थाळी लागली होती. साक्षीदार भेटला होता. पाड्याच्या वाटेवर उतरलो तेव्हा माझ्या तोंडाला कोरड पडली होती.

आय अंगणात सुपानं नाचणी पाखडत होती. बारीक झालेली, केस पांढरे. मी बांधावर उभा राहिलो. तिनं मान वर केली. सूप हातातून पडलं, नाचणी सांडली. ती नुसती बघत राहिली. मी म्हटलं, "आय, पाणी दे."

ती वळली आणि पळत घरात गेली. आणि आलीच नाही.

मी उभा. कोंबड्या सांडलेल्या नाचणीवर तुटून पडल्या. आतून काही हालचाल नाही, आवाज नाही. झालं, म्हटलं. पोचवलेल्याला पाणी देत नाहीत. एवढा वेळ धरून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडातून बाहेर आलं. मी त्या घराला ओरडलो, "पोचवलंत ना मला? बरं केलंत! जिवंत पोराच्या नावानं थाळी लावलीत! या आता बाहेर, भूत आलंय तुमचं, बघा! बा, ये ना बाहेर! आता का लपतोस?" माझा आवाज फाटला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी शिव्याही देत होतो, दोन्ही बरोबर.

दारात तानी आली. माझी धाकटी बहीण. गेलो तेव्हा शेंबडी होती, आता ही एवढी थोरली बाई. तिच्या हातात तांब्या होता. सरळ चालत आली आणि तांब्या माझ्या छातीवर आपटला, निम्मं पाणी सदऱ्यावर.

"घे, पी. आणि ओरडू नको. बा लपत नाही, बा पडलाय. अर्धं अंग गेलंय त्याचं शिमग्यात. आय त्याला सांगायला पळाली, तर तिलाच दातखिळी बसली."

मी पाणी प्यायलो. तानीनं दिलं म्हणजे दिलं, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. कुणीतरी पाणी दिलं होतं मला या घरात.

आत गेलो. आय खाटेच्या पायाशी बसून पदरानं तोंड पुसत होती. खाटेवर बा. माझा बा, ज्याच्या आवाजानं आख्खा पाडा जागा राहायचा, तो एका कुशीवर, तोंड एका बाजूनं ओघळलेलं, एक हात अंगाखाली मेल्यासारखा. त्यानं मला पाहिलं आणि तोंड उघडलं.

"माऽऽऽ."

मी ताठ झालो. तसंच. अगदी तसंच लांबलेलं, जसं सीडीवर. मी वाट बघितली. पुढचं अक्षर येईल म्हणून वाट बघितली. बाच्या मानेच्या शिरा फुगल्या, डोळे बाहेर आले, आणि "माऽऽऽ" तसंच राहिलं.

"तेवढंच येतं त्याला आता," आय म्हणाली. "दुसरं काय पण येत नाय. पाणी नाय, भात नाय. तेवढंच."

मी नजर वळवली, कारण बघवेना. आणि कोपऱ्यात मला थाळी दिसली.

पाटावर ठेवलेली. धूळ बसलेली. मधोमध मेण, आणि मेणात काडी. उभी.

असं कधीच ठेवत नाहीत. काम झालं की त्याच जागी काडी काढायची, मेण खरवडायचं, थाळी फडक्यात. काडी उभी म्हणजे काम चालू. मी आयकडे पाहिलं. "ही अशी का?"

"अशी का म्हणजे? तू कुठं आलावतास?"

मग आयनं सांगितलं, आणि मी खाली मातीत बसून ऐकलं. एक लांब केसांचा पोरगा आला होता, मुंबईकडचा. जव्हारला राहायचा, रोज मोटारसायकलवर पाड्यापाड्यानं फिरायचा. कानाला डबे लावलेले, आणि काठीच्या टोकाला केसाळ मांजरासारखं काहीतरी. ते मांजर त्यानं विहिरीत सोडलं, जात्यापाशी धरलं, भात शिजताना मडक्यावर धरलं. कोंबड्याच्या मागं मागं पळाला, तर कोंबडा घाबरून गप्प. "आम्ही म्हटलं, खुळाय बिचारा," आय म्हणाली. त्याला थाळी हवी होती. बा म्हणाला, मेल्याशिवाय थाळी लागत नाही. तो गेला. पुन्हा आला. बा पुन्हा तेच म्हणाला. मग एक दिवस बानं त्याला विचारलं, "ह्या यंत्रात धरलेला आवाज जातो कुठं?" पोरगा म्हणाला, "मुंबईला जाईल, ठाण्याला जाईल, कुठंही जाईल."

"तुझा बा उठला आणि थाळी घेऊन आला," आय म्हणाली. "मी आडवी झाले. म्हटलं, जित्या पोराचं नाव घेतोस? जीभ झडंल तुझी! तर मला म्हणतो कसा, थाळीचं बोलावणं मेलेल्याला पार पलीकडं ऐकू जातं, मग ठाण्यात ऐकू जाणार नाय?"

तानी चुलीतली लाकडं उगाच पुढं मागं करत होती.

"बोलावणं केलं सगळं," आय म्हणाली. "पोरगा म्हणाला, पुढचं? अजून आहे ना पुढं? तुझा बा म्हणाला, पुढचं नाय. आला की बघू. आणि काडी काढू दिली नाय कुणाला. एक बोलावलेला वाटंत असताना दुसऱ्याला बोलवायचं नाय, म्हणाला. लहान्याची आय गेली, नाय लावली. तुझा काका गेला, त्याचा पाठचा भाऊ. त्याची पण नाय लावली. मोखाड्याहून माणूस आणला. भावकी थुंकली आमच्या दारात. त्याला कोण बोलवंना झालं, कुणाच्या दारी मान राहिला नाय. आणि तू, मुडद्या, आता आलास."

मी काय सांगू तुम्हाला. मला वाटत होतं बानं मला मारून टाकलं, आणि हा माणूस इथं स्वतःचा मान, स्वतःचा भाऊ, सगळं सोडून माझ्या वाटेकडे डोळे लावून बसला होता. आणि ठाण्यात मी त्याचा आवाज ऐकत होतो, दिवसातून किती वेळा, आणि शिव्या देत होतो. ये म्हणत होता तो मला. सरळ ये म्हणत होता. लोक डोळे मिटून ऐकत होते, एकट्या मला शब्द कळत होते, आणि मीच उलटा अर्थ लावला. मी दोन्ही हातांनी तोंडात मारून घेतलं. आयनं हात धरला.

खाटेवरून "माऽऽ" आलं. बा चांगल्या हातानं थाळीकडे दाखवत होता. तानीनं थाळी उचलून त्याच्या छातीपाशी ठेवली. त्यानं डाव्या हाताची बोटं काडीला लावली. मेण दगडासारखं झालेलं. बोटं घसरायची. मी पुढं झालो तर आय म्हणाली, "तू नको. ज्यानं लावली त्यानं काढायची." मग आम्ही तिघं नुसते बघत बसलो. बाच्या कपाळावर घाम आला. अंगठ्याचं नख मेणात रुतलं, काडी एका बाजूला कलली, आणि टक करून सुटली. बानं ती माझ्या हातात दिली आणि डोळे मिटून पडला, मोठं ओझं उतरवलेल्या हमालासारखा.

आयनं मेण खरवडलं. थाळी राखेनं घासली, पाण्यानं धुतली. तिच्यात भात वाढला, वर उडदाचं वरण, आणि माझ्यापुढं ठेवली.

मी मागं सरकलो. "ह्या थाळीत कोण जेवतं का?"

"बोलावलेला जेवतो," आय म्हणाली.

"जेव गुमान," तानी म्हणाली. "आणि पोचवायचं कधी तेवढं सांगून ठेव. वाटेपर्यंत मी येते सोडायला."

बाच्या छातीतून खर्रखर्र आवाज आला. मी घाबरून उठलो. तो हसत होता. अर्ध्या तोंडानं हसत होता. मग मीही हसलो, आणि रडत रडत, नाक पुसत, त्या थाळीतला भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. एवढी भूक मला कधी लागली नव्हती.

परत ठाण्याला गेलो नाही. मॅडमना तानीनं जव्हारहून फोन केला, की माघ्या जिवंत निघाला, तो आता येत नाही.

बा त्यानंतरची थंडी काढून गेला. सकाळी, उन्हात खाट टाकली होती तिथंच. दिवस घालायची वेळ आली तेव्हा भावकी म्हणाली, मोखाड्याचा माणूस आणू. आयनं थाळी, मेण आणि तीच काडी आणून माझ्यापुढं ठेवली. लोक कुजबुजले, हा कधी शिकला? मी कुणाजवळ शिकलो नव्हतो. पण ते बोलावणं मी ठाण्यात फरशी पुसताना इतकं ऐकलं होतं की त्यातला बाचा श्वास कुठं आहे तेही मला ठाऊक होतं. बोटांना राख लावली आणि सुरू केलं. पुंजा, ये रे. उंबऱ्यावर बस. पाणी पी. भात खा. माणसं ढसाढसा रडली. लहान्या सगळ्यात पुढं बसला होता, तोही रडला.

भात खा, इथं मी थांबलो.

म्हातारी माणसं म्हणाली, पुढं घे. मी म्हटलं, पुढचं मला येत नाही, मी ऐकलंय तेवढंच येतं. खरं सांगू? लहानपणी शंभरदा ऐकलंय मी पोचवणं. येतं मला. बऱ्यापैकी येतं. पण वाट धर, मागं बघू नको, परत येऊ नको, हे माझ्या तोंडानं त्या माणसाला सांगायचं? जीभच रेटेना. आयनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. तिनं तांब्या भरला आणि उंबऱ्यावर ठेवला.

तेव्हापासून थाळी कोपऱ्यात पाटावर आहे, काडी उभी. लोक बोलतात. भावकी पुन्हा थुंकून गेली. परवा लहान्यानं वाटेत गाठलं आणि विचारलं, "माघ्या, पोचवणार कधी रे म्हाताऱ्याला?"

मी म्हटलं, "आला की बघू."